पोलिसांना कळवायचं, पण तिचं नाव न देता

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. स्वतःचं छोटं हॉस्पिटल आहे, गर्भपात केंद्राची मान्यता आहे. गेल्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी अकरावीत, आधार कार्डावर वय सतरा पूर्ण. सोनोग्राफीत दहा आठवडे. आई म्हणाली, 'मुलगा गावातलाच आहे, झालं ते झालं. मॅडम, मोकळं करा तिला. पोलिसाचं नाव काढू नका, गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दुसरीकडं जाऊ.' मी त्यांना सोमवारी बोलावलंय. इथले एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, 'अठरा लिहा आणि करून टाका, सगळे तेच करतात.' दुसरे म्हणाले, 'सिव्हिलला चिठ्ठी द्या, आपल्या अंगावर कशाला?' पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली) कळवलं नाही तर मला शिक्षा, कळवलं तर मुलीचा विश्वासघात. काय करू? शिवाय गळ्यात मंगळसूत्र घातलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली माझ्याकडे नेहमीच तपासणीला येतात, त्यांचं काय? आणि या मुलीकडून फी घ्यावी की नाही, हेही कळत नाही."

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमची सोमवारची वेळ होती म्हणून मुद्द्याचं तेवढं तुम्हाला आधीच कळवलं. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण याच आशयाची पत्रं माझ्याकडे अधूनमधून येत असतात आणि गावोगावच्या दवाखान्यांत 'सगळे तेच करतात' हाच कायदा होऊन बसला आहे.

तुमच्या पत्रात आई बोलते, दोन ज्येष्ठ डॉक्टर बोलतात, कायदा बोलतो, तुमची घालमेल तर पानभर बोलते. मुलगी मात्र एक अक्षर बोलत नाही. तिला गर्भपात हवा आहे का, हे पत्रात नाही. 'गावातला मुलगा' हे आईचे शब्द आहेत. त्याचं वय किती, जे झालं ते तिच्या मनाने झालं का, अजून चालू आहे का, यातलं काही तुम्हाला माहीत नाही. तुम्ही पेच मांडलात तो आई आणि कायदा यांच्यातला. पेशंट कोण, हे त्यात हरवलंय.

म्हणून सोमवारी पहिलं काम हे, की मुलीशी एकटीशी बोला. आईला न दुखावता हे करता येतं. 'वजन-बीपी घेते, तुम्ही बाहेर बसा' म्हटलं की कुणी हरकत घेत नाही. सोबतीला तुमची एखादी विश्वासू सिस्टर असू द्या. आणि प्रश्न विचारायच्या आधी तिला सांगा: 'तुझं वय अठराच्या आत आहे, त्यामुळे मला पोलिसांना कळवावं लागतं. पण तुझी आणि आईची इच्छा असेल तर तुझं नाव न देता कळवता येतं. तू मला काय सांगायचं ते हे माहीत असताना ठरव.' आधी सगळं काढून घ्यायचं आणि मग 'आता मला कळवावं लागेल' म्हणायचं, हा खरा विश्वासघात. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो कळवण्यात नाही, या क्रमात आहे.

मग ऐका, घाई न करता. तो घरात राहणारा किंवा नात्यातला आहे का, शिक्षक किंवा क्लासवाला आहे का, मोबाइलमध्ये काही फोटो-व्हिडिओ आहेत का, कुणी धमकावतंय का. 'गावातला मुलगा' म्हणून सांगितलेला माणूस चुलता किंवा दोन लेकरांचा बाप निघतो, आणि आईला ते ठाऊक असूनही ती बोलत नाही, असं होतं. आईला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तिच्यासमोर घर मोडण्याची भीती असते. पण तिच्या भीतीवर मुलीचा निर्णय उभा करता येत नाही. आणि तुमच्याकडची मुलगी खरोखरच वर्गातल्या मुलाच्या प्रेमात असेल, तर तेही तिच्याच तोंडून कळू दे.

आता कायदा. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं प्रत्येक जण. मुलीच्या संमतीला तिथे किंमत नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवायचं. डॉक्टरला त्यातून वगळलेलं नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५ अ आलं. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे एक कायदा सांगतो बोला, दुसरा सांगतो गप्प राहा. तुमची कोंडी खरी आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही.

पण ही कोंडी सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात बरीचशी फोडली आहे, आणि माझा अनुभव असा की अर्ध्या डॉक्टरांना ते माहीत नाही. तो निकाल गाजला वेगळ्या कारणाने. दिल्लीत राहणाऱ्या २५ वर्षांच्या अविवाहित तरुणीने २० आठवड्यांनंतरच्या गर्भपाताची परवानगी मागितली होती आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतची मुभा लागू केली. बातम्या तेवढ्याच आल्या. त्याच निकालात अल्पवयीन मुलींबद्दल एक भाग आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने कलम १९ ची माहिती देताना तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील देण्याची गरज नाही. पुढे खटला उभा राहिला तरी त्यात ते उघड करण्याची सक्ती नाही. कारणही न्यायालयाने स्पष्ट दिलंय: नाव बाहेर जाईल या भीतीने या मुली अपात्र लोकांकडे जातात. तुमच्या पेशंटची आई 'दुसरीकडं जाऊ' म्हणते ती जागा कुठली, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

नीट वाचा, कळवण्यातून सूट नाही. सूट नावापुरती आहे. आणि ती मुलगी आणि पालक अशा दोघांच्या विनंतीवर आहे. एकट्या आईने 'नाव देऊ नका' म्हटलं तर ते पुरत नाही. म्हणजे मुलीशी स्वतंत्र बोलणं हा सौजन्याचा भाग नाही, कायद्याचाच भाग आहे. दोघींची विनंती लेखी घ्या, मराठीत, त्यांना कळेल अशा दोन-तीन ओळींत, आणि ती केसपेपरबरोबर बंद पाकिटात ठेवा.

पोलिसांना द्यायचं पत्र छोटं असू द्या. साधारण असं: 'आमच्या रुग्णालयात दि. … रोजी १८ वर्षांखालील एक मुलगी पालकासह आली असून ती गर्भवती असल्याचे तपासणीत आढळले आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम १९(१) नुसार ही माहिती देत आहे. मुलीने व पालकाने ओळख उघड न करण्याची विनंती केली असून सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार नाव व पत्ता दिलेला नाही.' बस. गावाचं नाव नको, शाळा-कॉलेज नको, इयत्ता नको, जात नको. तालुक्याच्या गावी 'अमुक वाडीची अकरावीतली मुलगी' एवढं म्हटलं की नाव सांगितल्यासारखंच. निकालाची प्रत जोडा. तारीख-वेळ, शिक्का आणि सही असलेली पोच घ्या. पत्र स्वतः न्या किंवा जबाबदार माणसाबरोबर द्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

ठाणे अंमलदार म्हणेल, 'मॅडम, नावाशिवाय गुन्हा कसा दाखल करायचा? नाव द्या, नाहीतर तुमच्यावरच करतो.' हे होणार असं धरूनच जा. आवाज चढवू नका. निकालातला तो भाग पिवळ्या पेनाने खूण करून दाखवा, 'साहेबांना विचारा' म्हणा. पोच दिलीच नाही, तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर हाताशी असू द्या. आणि सोमवारच्या आधीच तुमच्या पोलीस निरीक्षकांना, कुठल्याही पेशंटचा उल्लेख न करता, हा निकाल दाखवून आलात तर सर्वांत बरं. तंटा एखाद्या केसवर होण्याआधी चहावर मिटलेला बरा.

आणखी एक गळती आपल्याच दवाखान्यात असते. काउंटरवरचा मुलगा, लॅबवाला, औषधाच्या दुकानातली चिठ्ठी. सोनोग्राफी केलीत म्हणजे पीसीपीएनडीटीचा, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याचा फॉर्म एफ भरला असणार, त्यात नाव-पत्ता खरा असायलाच हवा. तो त्या कायद्याच्या यंत्रणेकडे जातो, पोलिसांकडे नाही. गर्भपाताची नोंदवही गोपनीय असते, कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. केसपेपरवर नावाऐवजी नोंदवहीतला अनुक्रमांक वापरा. नियमच तसं सांगतात, आपण पाळत नाही एवढंच.

आता तुमचे दोन ज्येष्ठ.

'अठरा लिहा' म्हणणाऱ्यांना वाटतं की ते मुलीला वाचवतायत. केरळच्या एका प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञावरचा पॉक्सोचा खटला रद्द केला, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं असेल. पण तिथे मुलीने वय अठरा सांगितलं होतं आणि डॉक्टरला त्याहून वेगळं काही ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. डॉक्टरने गुप्तहेरगिरी करणं अपेक्षित नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. तुम्ही आधार कार्ड पाहिलंय. तुमच्यासाठी ती पळवाट बंद आहे. उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला, नागपूर खंडपीठाने तो रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला खंडपीठाचा आदेश उलटवून तो पुन्हा उभा केला. न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

पण शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी खोट्या वयाबद्दल माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. उद्या ही मुलगी वीस वर्षांची होईल, आणि जे झालं ते जबरदस्तीने झालं होतं हे सांगायचं धैर्य तिला येईल. त्या दिवशी आरोपीचा वकील तुमच्याच हॉस्पिटलचा कागद पुढे करेल, 'त्या वेळी मुलगी अठराची होती, डॉक्टरांनी लिहिलंय.' तिला वाचवायला लिहिलेला आकडा तिच्याच विरुद्ध साक्ष देईल.

'सिव्हिलला पाठवा' हा सल्ला दिसायला सभ्य आहे. तिथे सोयी आहेत, महिला डॉक्टर आहेत, अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारं सखी केंद्र आहे, गरज असेल तर जरूर पाठवा. पण अंगावरची जबाबदारी झटकण्यासाठी नको. एकतर चिठ्ठी दिल्याने तुमची कळवण्याची जबाबदारी जात नाही, कारण माहिती तुम्हाला झालेली आहे. दुसरं, चिठ्ठी हातात घेतलेल्या या दोघी सिव्हिलला पोहोचतीलच असं नाही. एसटीने जिल्ह्याला जायचं, 'आज मॅडम नाहीत' ऐकायचं, पुन्हा यायचं, मजुरी बुडवायची. दहाचे बारा होतात, बाराचे सोळा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं लागतं, आणि चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग नसेल तर उच्च न्यायालयाची पायरी. आज तुमच्या टेबलावर जे अर्ध्या तासात निभतं, त्यासाठी कुणाला तरी औरंगाबाद खंडपीठात वकील शोधावा लागतो. पाठवलंच तर आधी फोन करा, डॉक्टरचं नाव घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पोहोचली का ते विचारा.

आणि उपचार पोलिसांसाठी थांबवू नका. पॉक्सोचे २०२० चे नियम सांगतात की तातडीच्या उपचाराआधी पोलिसांचं किंवा न्यायालयाचं पत्र मागायचं नाही. गर्भपातासाठी लागते ती पालकाची लेखी संमती, ती आईची चालते. एफआयआरची प्रत, न्यायालयाचा आदेश, बापाची सही, यातलं काहीही कायदा मागत नाही. बिचाऱ्या बायकांना या कागदांसाठी परत पाठवणारे आपलेच सहव्यवसायी असतात.

आता समजा मुलगी एकटीत म्हणाली, 'मला नाही करायचं.' तर? पालकाची संमती कायद्याने लागते, पण पालकाची संमती म्हणजे मुलीची इच्छा नव्हे. २०२४ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता, गर्भ तीस आठवड्यांच्या आसपासचा. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला शीव रुग्णालयात गर्भपाताची परवानगी दिली, मग मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचं मन बदललं आणि आठवड्याभरात आदेश मागे घेतला गेला. त्या निकालात न्यायालयाने नोंदवलं की अल्पवयीन मुलीचं मत पालकाहून वेगळं असेल तर ते महत्त्वाचं मानून विचारात घ्यायलाच हवं. तेव्हा मुलगी ठाम नाही म्हणत असेल तर टेबलावर घेऊ नका. वेळ द्या, समुपदेशक बोलवा, बालकल्याण समितीशी बोला. बाळ जन्माला आलं आणि तिला वाढवायचं नसेल तर समितीमार्फत दत्तक देण्याचा कायदेशीर मार्ग आहे, आणि त्यात मन बदलायला दोन महिन्यांची मुदतही असते. आणि ती हो म्हणाली तरी ते 'हो' आईकडे बघून म्हणते की तुमच्याकडे बघून, ते तुम्हाला कळेल.

नाव न देण्याची किंमतही आहे, ती दोघींना सांगायला हवी. नाव नाही म्हणजे बहुधा तपास पुढे सरकत नाही. मनोधैर्य या सरकारी योजनेतली पीडितांसाठीची मदत गुन्हा नोंदला तरच मिळते. आणि गर्भपातानंतरचा ऊतीचा नमुना हा डीएनएचा पुरावा असतो, तो एकदा टाकला की गेला. तक्रार करायची शक्यता त्यांनी थोडीही बोलून दाखवली, तर आधी पोलिसांचं पथक येऊ द्या आणि नमुना त्यांच्या ताब्यात रीतसर द्या. फॉर्मॅलिनमध्ये मात्र घालू नका. आपल्याकडे सिस्टर सवयीने ओततात आणि डीएनए खराब होतो.

तो माणूस घरातला असेल, जबरदस्ती असेल, व्हिडिओ असेल, त्याच्या हाताखाली आणखी मुली असतील, तर मी निनावी पत्रावर समाधान मानणार नाही. तुम्हीही मानू नका. तेव्हा आईबरोबर तासभर बसा. तिला सांगा की मुलगी आज मोकळी होऊन परत त्याच घरात जाणार आहे. पोलिसांना मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यावा लागतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. खटला संपेपर्यंत तिला साहाय्यक व्यक्ती मिळते. तिचं नाव छापणं गुन्हा आहे. लोकांना वाटतं त्याहून हा कायदा मुलीशी नरमाईने वागतो. प्रत्यक्षात ठाण्यात ती नरमाई दर वेळी भेटत नाही, हेही खरं, म्हणून १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून बालकल्याण समितीला सुरुवातीपासून सोबत घ्या.

आणि तो खरंच वर्गातला मुलगा असेल तर? तुमच्या मनात हेच सलतंय, ओळींच्या मधून कळतं. सतरा वर्षांच्या दोन मुलांचं प्रेम आणि त्यातला मुलगा बालगुन्हेगार. २०१२ च्या आधी संमतीचं वय सोळा होतं. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय अठराच ठेवा म्हटलं, पण सोळा ते अठरामधल्या, संमतीसारखं काही दिसणाऱ्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशाला मोकळीक द्या, अशी शिफारस केली. मला ती पटते. कायदा आज या मुलांशी न्यायाने वागत नाही असं माझं मत आहे. पण ते प्रकरण तसलं आहे की नाही हे ओपीडीत, आईच्या सांगण्यावरून, तुम्ही आणि मी ठरवणं मला पटत नाही. निनावी कळवण्याची सोय नेमकी इथे कामाला येते. तुमचं कर्तव्य पुरं होतं आणि दोन पोरांची आयुष्यं तुमच्या सहीने चव्हाट्यावर येत नाहीत.

मंगळसूत्रवाल्या मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याला माझ्याकडे इतकं नीट उत्तर नाही. तुम्ही ऊसतोडीच्या पट्ट्यात आहात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडप्याला, एका कोयत्याला. एकट्या पोराला मागणी कमी, आणि तांड्यावर वयात आलेली मुलगी एकटी मागे ठेवायची भीती. दिवाळीच्या आधी लग्नं उरकतात ती या हिशोबाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आकडा ज्या जिल्ह्यांमुळे फुगतो, त्यांतल्या एकात तुम्ही बसला आहात. ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कार ठरला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच वय आहे. म्हणजे बाळंतपणासाठी आलेली सतरा वर्षांची सून ही कायद्याने पीडित आणि बाहेर डबा घेऊन बसलेला तिचा नवरा आरोपी.

आणि २०२२ च्या निकालातली नावाची सूट गर्भपाताच्या संदर्भात दिलेली आहे. तपासणी किंवा प्रसूतीसाठी आलेल्या मुलीला ती लागू आहे असं गृहीत धरू नका. इथे कळवावं लागतं ते पूर्ण तपशिलासह. परिणाम काय होतो तेही तुम्ही बघताय. सासू चार वर्षं वाढवून सांगते, नाहीतर बाळंतपण घरी होतं, फडावर होतं. रक्त सहा ग्रॅम, रक्तदाब वाढलेला, आणि दवाखान्याच्या दारात पोलिसांची भीती. कायद्याने हे दार अडवून ठेवलंय असं मला वाटतं आणि मी ते जिथे बोलावं लागतं तिथे बोलते. पण मत म्हणून बोलते, कागदावर वय बदलून नाही.

तुमच्यापुरतं एवढं करता येईल: कुणालाही परत पाठवू नका. आधी तपासा, रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस सगळं द्या, पुढची तारीख द्या, मग कळवा. आणि कळवणार आहात हे त्या मुलीला आणि तिच्या माणसांना स्वतः सांगा, त्यांना ठाण्यातून कळू देऊ नका. पत्रात तिची प्रकृती, जोखीम आणि तिला नियमित तपासणीची गरज आहे हे लिहा, म्हणजे पोलीस आणि समिती दोघांनाही उपचार तोडता येणार नाहीत. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यांच्याशी आणि आशाताईंशी हंगामाच्या आधी बोललात तर एखादं लग्न टळेलही. हंगामानंतर पोटातलं बाळ घेऊन आलेल्या मुलीसमोर आपण सगळेच उशिरा आलेले असतो.

फीचं विचारलंत. घेऊ नका. अशा गुन्ह्यांतल्या पीडितांवर खासगी हॉस्पिटलनेही मोफत उपचार करायचे असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगतं, आणि टाळाटाळ केली तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. औषधं तुमच्याच स्टॉकमधून द्या, म्हणजे बाहेरच्या दुकानात चिठ्ठी दाखवायची वेळ येणार नाही. आणि दोन आठवड्यांनी तपासायला बोलावताना जायच्या-यायच्या भाड्याचं विचारा. मजुरी बुडवून येणारी आई तेवढ्यासाठी येणं टाळते.